यलो गेटच्या पुढे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. मारेगाव

दिवाळीनंतर शाळा भरली. नववीला व्यापाराचा धडा. फळ्यावर महाराष्ट्राचा किनारा काढला, मुंबईवर खडू टेकवून ठेवला. नैसर्गिक बंदर म्हणजे काय ते सांगितलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, समुद्राचा तिकडचा काठ दिसते का?"

वर्गात एक्केचाळीस मुलं. समुद्र पाहिलेलं एकही नाही.

४ नोव्हेंबर

आभाळ आलेलं. वेचलेला कापूस पडवीत पसरलाय. घरभर ओलसर वास. यंदा सप्टेंबरच्या पावसानं खालची बोंडं झाडावरच सडली.

६ नोव्हेंबर

रात्री टीव्हीवर मुंबईचं क्रूझ टर्मिनल दाखवत होते. बॅलार्ड पियरचं. सप्टेंबरात उद्घाटन झालंय. काच, लख्ख उजेड, चाकांच्या बॅगा ओढणारे लोक. बाबा जेवत होते.

"हे कुठचं?"

इंदिरा डॉक, म्हटलं.

"नाही होय."

घास हातात तसाच. थोड्या वेळानं स्वतःशीच, "मग शेड कुठं गेलं?"

रात्री उशिरा ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

७ नोव्हेंबर

हूक बाहेर काढलाय. खाटेखाली ठेवलाय, चपलेशेजारी.

हा हूक मी लहानपणापासून ओळखते, पण हातात कधी मिळाला नव्हता. आज घेतला. आडवी लाकडी मूठ, मधोमध लोखंडी दांडा. दांडा पुढे जाऊन वळतो आणि टोक पुन्हा मुठीकडे येतं. टोकाला धार अशी नाही, पण पोत्यात गचकन शिरेल. मूठ एका बाजूनं जास्त झिजली आहे. तिथे अंगठ्याच्या मापाची खोलगट जागा. माझा अंगठा त्यात बसला नाही, पुढेमागे होत राहिला.

बाबा १९७० ला मुंबईच्या गोदीत गेले, १९९८ ला परत आले. मधल्या अठ्ठावीस वर्षांत पोळा आणि दिवाळी, कधी नुसती दिवाळी. बाकी मनिऑर्डर.

९ नोव्हेंबर, रविवार

शेतात. पाच एकर पराटी, पण वेचायला माणूस नाही. दोन बायका आल्या. किलोमागे बोलणी झाली. एकीनं विचारलं, "मास्तरीणबाई, भाव वाढते का?"

यंदा हमीभाव क्विंटलला, मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११०. खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. आमचा आज तरी नाही.

१० नोव्हेंबर

वर्गात सनावळी दिली. बॉम्बे पोर्ट ट्रस्ट १८७३. ससून डॉक १८७५. प्रिन्सेस डॉक १८८०. व्हिक्टोरिया डॉक १८८८. अलेक्झांड्रा डॉक १९१४, तोच आता इंदिरा डॉक. मुलं निमूट उतरवून घेत होती. सनावळी सांगितली की वर्ग असाच गप्प होतो.

मग म्हटलं, हे सगळं कशासाठी बांधलं? तुमच्या घरात जे पडून आहे ना, त्यासाठी. वर्ग वर पाहू लागला.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली. तिकडचा कापूस बंद पडला तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्याकडे तोंड वळवलं. मुंबईत पैशाचा पूर आला. वऱ्हाडच्या कापसाला बाजारात नाव होतं 'ऊमरा', उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून. १९०५ पर्यंत आपल्या जिल्ह्याचं नाव यवतमाळ नव्हतं, 'वून' होतं. वून म्हणजे वणी. मारेगावहून एस.टी.नं जातो ती वणी.

मागच्या बाकावरचा म्हणाला, "मंग ते बंदर आपलंच झालं ना मॅडम."

दिवसभर डोक्यात तेच.

११ नोव्हेंबर

बाबांना विचारलं, व्हिक्टोरिया डॉकमध्ये काम केलंय का.

"तीन बोटी उभ्या रायत. कवा चार."

ते डॉक आता नाही. प्रिन्सेसही नाही. कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून दोन्ही भरून टाकली. हे त्यांना माहीत नव्हतं. सांगायला नको होतं की काय.

"बुजवलं? हीर बुजवते तसं?"

हो.

"एवढ्या पाण्याले बुजवाले माती कुठची आणली?"

१२ नोव्हेंबर

बाबा जेवले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले.

१४ नोव्हेंबर

बालदिन. भाषणं.

संध्याकाळी बाबा आपण होऊन बोलले. टोळी बारा जणांची. बोटीच्या पोटात उतरायचं, हॅचमधून, शिडीनं. वरून विंचचा दोर येई. पोती रचायची, स्लिंग आवळायचा, वर खूण करायची. वर खूण पाहणारा चुकला तर खाली माणूस नाही राहायचा. हूक कमरेला. गहू, साखर, खत, कधी कापसाच्या गाठी. सगळ्यात वाईट गंधक. "डोळे रात्रभर पाणी काढत. खोलीतले लोक म्हणत, घरची याद आली का."

टोळीत नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे. गावानं मारत. देवगड. जुन्नर. चिपळूण. बलिया.

"आन् तुम्हाला?"

"यवतमाळ."

मारेगाव का नाही, विचारलं.

"कोणाले माहीत होतं मारेगाव?"

१६ नोव्हेंबर, रविवार

मायच्या कपाटाचा खालचा कप्पा आवरला. पत्रांची पिशवी सापडली. बाबांनी जपून परत आणलेली, आमचीच, इकडून गेलेली. माय सांगायची आणि मी लिहायची. माझं आठवी-नववीचं अक्षर. एका आंतरदेशीय पत्रात, "युरियाचं पोतं आणलं. त्याच्यावर मुंबईचं नाव आहे. तुम्हीच उतरवलं असन असं वाटते. म्हणून पोतं फेकलं नाही, धुऊन ठेवलं."

हे मी लिहिलं होतं. आठवत नाही.

१८ नोव्हेंबर

मुंबई बंदराची जमीन सुमारे १,८०० एकर. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत, शहराच्या सगळ्या पूर्वेच्या अंगानं. २०१४ मध्ये राणी जाधव यांच्या समितीनं या जमिनीचं काय करावं याचा अहवाल दिला. पुढे आराखडे झाले. समुद्रकाठचे रस्ते, बागा, मरिना, पर्यटन. दीडशे वर्षं मुंबईला तिचा पूर्वेचा समुद्र दिसला नाही, भिंतीआड होता. तो आता लोकांसाठी उघडायचा, असं म्हणतात. मला ते पटतं. भिंत पडायलाच हवी.

पण भिंतीआड फक्त समुद्र होता का?

बाबांना आकडा सांगितला. ते बोटांवर हिशेब करत बसले. "आपल्यासारखी तीनशे साठ घरं जगतीन."

शेती आहे का ती, म्हटलं.

"जमीन तं हाये."

तीही बरीचशी समुद्रात भराव टाकून केलेली. माणसांनी टोपल्यांनी.

२० नोव्हेंबर

नकाशावर बंदरांची नावं वाचत बसले. लकडी बंदर. कोळसा बंदर. 'हे' बंदर, इंग्रजी 'हे' म्हणजे गवत, घोड्यांची वैरण. टँक बंदर. कौला बंदर. दारूखाना. बहुतेक जागांना तिथल्या मालाचं नाव. हमालाचं नाव एकाही जागेला नाही. एक रस्ता तेवढा आहे, पी. डी'मेलो रोड. डी'मेलो गोदी कामगारांचे पुढारी. त्यांचं नाव घेताना बाबांचा आवाज आजही बदलतो. बाबा गोदीत गेले त्याच्या बारा वर्षं आधीच, १९५८ मध्ये, डी'मेलो वारले होते. तरी बदलतो.

२२ नोव्हेंबर

कापूस घेऊन केंद्रावर. सकाळी सहापासून रांग. दुपारी तीनला नंबर लागला. ओलावा चौदा. गाडी परत. भाडं दोन्हीकडचं.

२३ नोव्हेंबर

अंगणात पसरला. ऊन चांगलं.

२४ नोव्हेंबर

परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क केंद्रानं ऑगस्टात काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा, त्यांचंही चालायला पाहिजे, हे मी समजू शकते. पण आमच्या ऐन वेचणीच्या महिन्यांत? बाबांना पेपर वाचून दाखवला. ऐकलं आणि म्हणाले,

"म्हणजे बोट उलटी फिरली."

वहीत हेच लिहून ठेवायचं होतं आज.

२७ नोव्हेंबर

खोकला. डॉक्टर म्हणतात छातीत जुनंच आहे, धुळीचं. गुडघ्यालाही गोळ्या दिल्या. प्रवास करता येईल का, विचारलं. कुठे, त्यांनी विचारलं. मुंबई. काय काम? उत्तर चटकन सुचलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

लिव्हरपूलबद्दल वाचलं. ऊमरा कापूस बोटीनं जायचा तो तिकडे, तिथून मँचेस्टरला. लिव्हरपूलचं जुनं बंदर २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. पुढे काठावर उंच इमारती, नवी बांधकामं, आणि २०२१ मध्ये युनेस्कोनं नाव काढून टाकलं. लंडनच्या गोद्या १९८० च्या सुमारास बंद पडल्या. १९८१ ते १९९८ एक महामंडळ नेमून तिथे नवं शहर उभं केलं, कॅनरी वॉर्फ, बँकांचे मनोरे. पण वेस्ट इंडिया डॉकच्या एका जुन्या गोदामात त्यांनी गोदीचं संग्रहालय केलं. साखरेचं गोदाम होतं. हूक असतील तिथे? असतील.

घरांचं मात्र तिथेही सोपं झालं नाही. गोदीतल्या लोकांच्या पोरांना त्या नव्या भागात घर परवडेना. जगभर हीच तक्रार.

१ डिसेंबर

आपल्याकडे आधी गिरण्यांचं झालं. १९९१ चा नियम होता, गिरणीची जमीन तीन वाटे: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये शब्द बदलले आणि वाटा फक्त मोकळ्या जमिनीतून निघेल असं ठरलं. इमारती होत्या तिथे मोकळी जमीन ती किती! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. १९८२ च्या संपात घरी बसलेले गिरणी कामगार अजून घरासाठी लॉटरीची वाट पाहतात.

गिरणीत आमचाच कापूस जायचा. गोदीतून आमचाच जायचा. म्हणून राग येतो. मुंबईच्या जमिनीचा प्रश्न मारेगावात बसून मला का छळतो, याचं एवढंच उत्तर आहे.

३ डिसेंबर

कापूस वाळला. ओलावा साडेदहा. गेला. पैसे खात्यात यायला दिवस लागतील.

तिकिटं काढली. वणीहून नंदीग्राम. बाबांना सांगितलं नाही.

५ डिसेंबर

सांगितलं.

"कायले?" एवढंच. मग न्हाव्याकडे जाऊन आले. निघायला एकोणीस दिवस आहेत.

१२ डिसेंबर

तूर भरलीय. शेंगा उकडल्या. बाबा खाताना सांगत होते, बोटीच्या पोटात डबा खाली सोडत, दोरीला बांधून. वर यायला वेळ नाही. अंधारात जेवायचं.

१५ डिसेंबर

माय एकदाच मुंबईला गेली. १९८६, मी बारा वर्षांची. आठ दिवस राहणार होती, पाचव्या दिवशी परत आली. निंदण राहिलंय म्हणाली. बाबांनी तिला गोदीच्या यलो गेटपर्यंत नेलं होतं. तिनं विचारलं, याच्या पुढं काय हाये? बाबा म्हणाले, पुढं जायले पास लागते.

हे मला मायनं सांगितलं होतं, दहादा. प्रत्येक वेळी तेवढंच. गेटाचा रंग पिवळा होता, हेही.

२४ डिसेंबर, बुधवार

वणी स्टेशन. बाबांनी धोतर नको म्हणून पँट घातली. हूक पिशवीत. काढून ठेवा, पोलीस अडवतील, म्हटलं. टॉवेलात गुंडाळला.

२५ डिसेंबर. कळवा

ठाण्याला उतरलो. चुलतभाऊ आला होता. बाबा गाडीत झोपलेच नाहीत. मनमाडला चहा, तोही बशीत ओतून.

हूक कळव्यालाच ठेवायचा, असं भावानं ठरवलं. बाबा काही बोलले नाहीत.

२६ डिसेंबर, शुक्रवार

मशीद बंदरला उतरलो. पूल, गर्दी, हातगाड्या. बाबा माझ्यापुढे. गुडघा दुखतोय हे विसरले. पी. डी'मेलो रोडवर पोचल्यावर थांबले, डावीउजवीकडे पाहिलं. ट्रकांची रांग.

यलो गेट. मनात होतं तेवढं मोठं नाही. रंग पिवळाच.

आम्ही गेटच्या या बाजूला उभे. आत जायला परवानगी लागते, ती आमच्याकडे नाही, मागायलाही गेलो नाही. बाबांनी बोटानं दाखवलं: ग्रीन गेट तिकडे खाली, रेड गेट, वर ऑरेंज गेट. कुठल्या गेटला कुठली बोट ते सगळं पाठ. ऑरेंज गेटपासून आता डोक्यावरून ईस्टर्न फ्रीवे जातो, २०१३ चा. खाली मरीन ड्राइव्हपर्यंत बोगद्याचं काम. बाबा फ्रीवेच्या खांबांकडे पाहत होते. "इथं पाळी सुटल्यावर चहा पेत होतो. चाळीस पैशे."

एक तरुण हवालदार जवळ आला. काय बाबा, कुणाला भेटायचंय? बाबा म्हणाले, "कोणाले नाही. मी इथंच होतो." त्यानं खुर्ची आणून दिली. दहा मिनिटं बसले.

माय इथवर आली होती. याच फुटपाथवर असेल. कुठे उभी होती ते विचारलं नाही.

त्याच दिवशी, दुपारी

भाऊचा धक्का. धक्क्याचं हे नाव भाऊ अजिंक्य यांच्यामुळे, त्यांनी एकोणिसाव्या शतकात धक्का बांधला. बर्फ, सुरमई, टोपल्या, ओल्या फरशा. मोऱ्याला जाणारी लाँच लागलेली. परत येता येईल ना, खात्री करून घेतली. बाबा चढायला तयार नव्हते. "पलीकडे काय काम?"

पलीकडे काही काम नाही. नुसतं जाऊन यायचं.

लाकडी लाँच. वरच्या बाजूला बाकावर बसलो. सुटली तेव्हा बाबांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. पाणी मातकट. मागे उत्तरेला धुरकट हवेत अटल सेतू, एक लांब रेघ. शिवडीहून न्हावाशेव्यापर्यंत, जवळपास बावीस किलोमीटर.

थोडं पुढे गेल्यावर उजव्या हाताला आणि मागे गोदी उलगडली. भिंत, शेडची छपरं, क्रेनच्या माना, एक काळ्या पोटाची मालवाहू बोट. मी व्हिक्टोरिया डॉकची जागा शोधत होते. रंगीत डबे रचलेले दिसले, तीच असावी. बाबा मान वळवून वळवून पाहत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं मळमळतंय.

"असं हाये होय."

काय?

"अठ्ठावीस वर्षं पोटात होतो बाई. बाहेरून कवा पाह्यलंच नाही."

नंतर मोऱ्याचा धक्का येईपर्यंत तेच ते दाखवत राहिले, हे अमुक, ते तमुक, आणि मध्येच, "नाही, ते नसन." आतून पाठ असलेलं घर बाहेरून ओळखू येत नव्हतं. डावीकडे जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, त्यामागे घारापुरीचा डोंगर. त्याकडे पाहिलंही नाही.

तीन बाकं सोडून कॉलेजची पोरं सेल्फी काढत होती. मला मायची आठवण आली आणि मी पाण्याकडे तोंड केलं.

येताना

न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. बाबांनी दुरून क्रेन दाखवल्या. "डबा आला. डब्याले हूक लागत नाही." एवढ्या दोन वाक्यांत त्यांनी माझा सगळा धडा संपवला. बारा माणसांनी चार दिवस उपसायची बोट आता डबे उचलून काही तासांत रिकामी होते. कुणी वाईट वागलं म्हणून टोळी मोडली नाही. काम मोडलं.

पण काम मोडलं तरी केलेलं काम राहतंच ना कुठेतरी.

२७ डिसेंबर

बॅलार्ड इस्टेट. सावलीचे रस्ते, दगडी इमारती, सगळ्या एका उंचीच्या. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर ही सगळी वसली. बाबांना सांगितलं. त्यांनी चप्पल काढली आणि पाय जमिनीवर टेकवला. बराच वेळ तसेच. मग म्हणाले, माती दिसत नाही.

क्रूझ टर्मिनल बाहेरून पाहिलं. सुंदर आहे. खोटं कशाला लिहू, सुंदर आहे. मुलांना सहलीला आणावं असं वाटलं.

१९४४ ची गोष्ट बाबांनी इथे सांगितली, टोळीतल्या म्हाताऱ्याकडून ऐकलेली. १४ एप्रिल. 'फोर्ट स्टिकिन' बोट, व्हिक्टोरिया डॉकमध्ये. पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी, वर सोन्याच्या विटा. आग लागली ती खालून. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. जळता कापूस आभाळातून गोदामांवर, घरांवर पडला. अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान गेले, म्हणून तो दिवस आजही पाळतात. गोदीतली किती माणसं गेली त्याचा हिशेब धड लागलाच नाही. ज्यांचं हजेरीबुकही जळालं त्यांचा लागणार कसा.

बाबा म्हणाले, म्हातारा सांगायचा, कापूस विझत नाही. वरून विझला तरी आत जळत राह्यते.

दुपारी कॉटन ग्रीन स्टेशन. नावापुरतं. कापसाचा बाजार आधी कोटातल्या मोकळ्या हिरवळीवर, मग कुलाब्याला, मग इथे. फलाटावर एकही माणूस कापसाचा नाही. बाबांनी स्टेशनची पाटी मला मोठ्यानं वाचायला लावली.

२८ डिसेंबर, रविवार. गाडीत

बाबा झोपलेत. खोकला कमी. हूक पुन्हा टॉवेलात, उशाला.

३० डिसेंबर

शाळा. धडा पुढे नेला. मागच्या बाकावरच्याला उत्तर दिलं: दिसतो, मुंबईत पलीकडचा काठ दिसतो. समोर उरण आहे. त्याला खरं वाटलं नाही. म्हणाला, मग तो समुद्र कसा?

३१ डिसेंबर

आयातशुल्काच्या माफीचा शेवटचा दिवस. पुढचं उद्या कळेल.

कापसाचे पैसे आले.

२ जानेवारी २०२६

बंदराच्या नव्या रूपात काय हवं, हे कुणी मला विचारलेलं नाही. तरी लिहायला बसले. वर लिहिलं: हरकत नाही, सूचना आहे. पाण्याकाठी फिरायची जागा होईल तिथे, बागेत, धक्क्यावर, कुठेही, एक भिंत मागायची. पुतळा नको. माल कुठून आला, कुणी उतरवला, ती माणसं कुठल्या गावची, एवढंच त्यावर. आणि यलो गेट पाडू नये. उघडं ठेवावं, पास न लागता.

गोदाम राखलं, दगड राखला आणि माणूस पुसला, तर त्याला जुनं बंदर कसं म्हणणार? मुंबईचे लोक संध्याकाळी तिथे पाय मोकळे करायला येतील. येऊ देत. त्यांची मुलं भिंतीवरचं वाचतील आणि विचारतील, ही वणी कुठे आहे.

पत्ता सापडला. पाठवणार.

४ जानेवारी, रविवार

बाबांना पत्र वाचून दाखवलं. मध्ये थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "गावं लिही मंग."

अंगणात खाट. ते सांगत गेले, मी लिहीत गेले, लहानपणी माय सांगायची तशी. देवगड. जुन्नर. चिपळूण. बलिया. सातारकडचे दोघे, एक वाईचा, एक पाटणचा. रत्नागिरीचा, विंचवर असायचा. आझमगड. संगमनेर. महाडचा, तो हॅचमध्ये पडला होता, ऐंशी साली. नगरचा.

अकरा झाली. मी पेन धरून वाट पाहिली. बाबा पराटीच्या वाळत घातलेल्या काड्यांकडे पाहत राहिले.

"झाली?"

झाली, म्हणाले.

बारावं मी लिहिलं. मारेगाव. तालुका मारेगाव, जिल्हा यवतमाळ.

५ जानेवारी

पोस्टात टाकलं. रजिस्टर.

शेतात उलंगवाडी. शेवटचा फेरा, थोडा कवडी कापूस निघाला.